सुरवंटांची सोबतीण : मारिया सिबिला मेरियन

(कीटकांचा अभ्यास ही एकेकाळी हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती. त्यातही एखाद्या स्त्रीने तो करावा, हे तर कोणाला पटण्यासारखे नव्हते. अशा काळात एका स्त्रीने सुरवंटांचा आणि फुलपाखरांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवले. त्यासाठी ती बावन्नाव्या वर्षी समुद्र ओलांडून दूरच्या देशात गेली. तिची चित्रे आज जगातील नामांकित संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. प्रस्तुत पाठात मारिया सिबिला मेरियन या चित्रकार व निसर्ग-अभ्यासक स्त्रीच्या जीवनाची ओळख करून दिली आहे.)

पावसाळ्यात लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडाकडे नीट पाहा. एखाद्या पानावर हिरवा, गुबगुबीत सुरवंट दिसेल. तो दिवसभर पाने खात असतो. काही दिवसांनी तो खाणे थांबवतो, फांदीला चिकटतो आणि त्याचा कोश बनतो. पुढे एके दिवशी त्या कोशातून सुंदर फुलपाखरू बाहेर येते. अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू या चार अवस्था तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकला आहात. त्यामुळे तुम्हांला यात नवल वाटत नाही.

साडेतीनशे वर्षांपूर्वी मात्र ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक होती. युरोपातील पुष्कळ लोक समजत, की किडे चिखलातून, दवातून किंवा सडलेल्या पदार्थांतून आपोआप जन्माला येतात. मोठमोठे विद्वानही हे खरे मानत. इ. स. १६६८ मध्ये इटलीतील फ्रान्चेस्को रेदी यांनी मांसाचे तुकडे उघड्या व झाकलेल्या भांड्यांत ठेवून एक प्रयोग केला. माश्यांनी अंडी घातल्याशिवाय मांसात अळ्या होत नाहीत, हे त्यांनी त्यातून दाखवून दिले. पण या प्रयोगाच्या आठ वर्षे आधीच जर्मनीतील एक तेरा वर्षांची मुलगी आपल्या घरात किडे पाळून, त्यांचे रूप कसे बदलते हे डोळ्यांनी पाहत होती. त्या मुलीचे नाव मारिया.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट या शहरात झाला. तिचे वडील माथेउस मेरियन हे तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारे नामवंत कलावंत व प्रकाशक होते. शहरांचे नकाशे आणि देखावे असलेली त्यांची पुस्तके युरोपभर खपत. परंतु मारियाला वडिलांचा सहवास फार काळ लाभला नाही. ती अवघी तीन वर्षांची असताना त्यांचे निधन झाले. पुढल्या वर्षी तिच्या आईने याकोब मारेल यांच्याशी दुसरा विवाह केला. मारेल हे फुलांची चित्रे काढणारे चित्रकार होते.

सावत्र वडिलांनी या मुलीला परके मानले नाही. तिच्या बोटांतील कला त्यांनी लवकरच ओळखली. घरातच त्यांची चित्रशाळा होती. तेथे शिष्य शिकायला येत. मारियाही त्यांच्याबरोबर रंग घोटायला, कुंचला धरायला, फुलांचे बारकावे टिपायला आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरायला शिकली. त्या काळी मुलींना अशी विद्या सहसा मिळत नसे. मारिया या बाबतीत भाग्यवान ठरली.

फुलांच्या चित्रांत शोभेसाठी एखादे फुलपाखरू किंवा एखादा भुंगा काढण्याची तेव्हा पद्धत होती. त्यामुळे चित्रशाळेत कीटकही आणले जात. मारियाचे लक्ष फुलांपेक्षा त्या कीटकांकडेच अधिक जाऊ लागले. १६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने रेशमाचे किडे पाळले. ती त्यांना रोज पाने खाऊ घाली. किडे मोठे होताना कात कशी टाकतात, स्वतःभोवती रेशमाचा धागा कसा गुंडाळतात, त्या कोशातून पांढुरका पतंग कसा बाहेर येतो, हे सारे तिने मन लावून पाहिले. पाहिलेले ती लगेच कागदावर उतरवी. नंतर तिच्या ध्यानात आले, की इतर सुरवंटांपासून तर याहून कितीतरी सुंदर फुलपाखरे व पतंग तयार होतात. मग काय! बागेतून, कुंपणावरून, शेताच्या बांधावरून ती सुरवंट गोळा करू लागली. लाकडी पेट्यांत त्यांना ठेवून त्यांच्या आवडीचा पाला घालू लागली. लहानपणी लागलेला हा छंद तिने पुढे जन्मभर सांभाळला.

१६६५ साली, अठराव्या वर्षी, मारियाचा विवाह योहान आंद्रेआस ग्राफ या चित्रकाराशी झाला. तो तिच्या सावत्र वडिलांचाच शिष्य होता. तीन वर्षांनी थोरली मुलगी योहाना हेलेना जन्मली. १६७० मध्ये हे कुटुंब न्यूरेंबर्ग शहरी राहायला गेले. तेथे १६७८ साली धाकटी मुलगी डोरोथेआ मारिया हिचा जन्म झाला.

न्यूरेंबर्गमध्ये तैलरंगात चित्रे रंगवून विकण्याचा हक्क फक्त पुरुषांना होता. मारियाबाईंनी त्याबद्दल रडत बसण्यापेक्षा जलरंग हाती घेतले. त्या चर्मपत्रावर आणि कापडावर चित्रे रंगवीत. सधन घरांतील मुलींना त्या चित्रकला व भरतकाम शिकवीत. रंग तयार करून विकत. १६७५ पासून त्यांनी फुलांच्या चित्रांचे एक पुस्तक तीन भागांत प्रसिद्ध केले. त्यातील नमुने पाहून स्त्रिया कापडावर कशिदा काढत. अशा रीतीने घर, मुली आणि शिकवण्या सांभाळून त्या संसाराला हातभार लावत होत्या.

हे सर्व चालू असताना सुरवंटांचा अभ्यास मात्र एक दिवसही थांबला नाही. स्वयंपाक, मुलांचे संगोपन आणि शिकवण्या यांतून उरलेला वेळ त्या पेट्यांतील किड्यांना देत. कोणता सुरवंट कोणत्या झाडाचा पाला खातो, किती दिवसांनी कोश करतो, कोशातून कधी बाहेर येतो, याची नोंद त्या वहीत करीत. शेजारी लहान चर्मपत्रावर त्याचे चित्र काढून लावीत. कधी कधी अजब घडे. कोशातून फुलपाखरू येण्याऐवजी लहान लहान माश्याच बाहेर पडत. त्याचे कारण मारियाबाईंना तेव्हा उमगले नाही. हे कीटक सुरवंटाच्या अंगावर किंवा शरीरात आपली अंडी घालतात आणि त्यांची पिले सुरवंटाला आतून खातात, हे आज आपल्याला माहीत आहे. कारण कळले नाही म्हणून मारियाबाईंनी ती घटना लपवली नाही. जसे दिसले तसे त्यांनी लिहून ठेवले. खऱ्या अभ्यासकाचे हेच लक्षण होय.

१६७९ साली त्यांचे सुरवंटांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पन्नास चित्रे होती. १६८३ मध्ये त्याचा दुसरा भाग निघाला. त्यातही पन्नास चित्रे होती. या पुस्तकाचे वेगळेपण कशात होते? त्यापूर्वीच्या पुस्तकांत कीटकांची चित्रे सुटी सुटी असत. एका ओळीत फुलपाखरे, दुसऱ्या ओळीत अळ्या, अशी त्यांची मांडणी असे. मारियाबाईंनी प्रत्येक चित्राच्या मध्यभागी एक झाड किंवा फुलाची फांदी काढली. त्याच फांदीवर सुरवंट, त्याचा कोश, त्यातून निघालेले फुलपाखरू किंवा पतंग आणि जमेल तेथे अंडीही दाखवली. एका पानात एका जीवाचे सारे आयुष्य आले. शिवाय तो जीव कशावर जगतो हेही कळले. कोणताही प्राणी एकटा जगत नाही, झाडे आणि प्राणी एकमेकांशी बांधलेले असतात, हा विचार आज आपण पर्यावरणाच्या पाठात शिकतो. मारियाबाईंनी तो चित्रांतून मांडला. विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती. पण सामान्य लोकांना वाचता यावे म्हणून त्यांनी हे पुस्तक आपल्या मातृभाषेत, जर्मन भाषेत लिहिले.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात कठीण दिवस आले. सावत्र वडील वारले. आईच्या आधारासाठी त्या फ्रँकफुर्टला परतल्या. पतीशी त्यांचे पटेनासे झाले. १६८५ मध्ये आई व दोन्ही मुलींना घेऊन त्या नेदरलँड्समधील वीउवर्ड या गावी एका धर्मपंथाच्या वसाहतीत राहायला गेल्या. त्यांचा सावत्र भाऊ कास्पार आधीपासून तेथे राहत होता. तेथील लोक अतिशय साधे जीवन जगत. कोणाचीही खाजगी मालमत्ता नसे. मारियाबाई तेथे सुमारे सहा वर्षे राहिल्या. तेथेही गवतात, दलदलीत फिरून त्यांनी किडे आणि बेडूक यांचे निरीक्षण केले. १६९० मध्ये आईचे निधन झाले. पुढल्या वर्षी त्या मुलींसह अॅमस्टरडॅम शहरी आल्या. लवकरच पतीपासून त्या कायद्याने विभक्त झाल्या आणि पुन्हा मेरियन हे वडिलांचे आडनाव लावू लागल्या.

अॅमस्टरडॅम हे त्या वेळी जगातील श्रीमंत बंदरांपैकी एक होते. डच लोकांची जहाजे आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या खंडांतून मसाले, साखर, कापड घेऊन येत. त्याचबरोबर शंख-शिंपले, चित्रविचित्र पक्षी आणि फुलपाखरेही येत. श्रीमंत लोक अशा वस्तू विकत घेऊन कपाटांत मांडून ठेवीत. ही एक प्रकारची खाजगी संग्रहालयेच होती. शहराचे महापौर निकोलास विट्सन यांचा आणि शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश यांचा संग्रह फार प्रसिद्ध होता. मारियाबाईंना हे संग्रह पाहायला मिळाले.

त्या कपाटांसमोर उभ्या राहून त्या थक्क झाल्या. निळी चमकणारी, तळहाताएवढी फुलपाखरे त्यांनी प्रथमच पाहिली. परंतु त्यांच्या मनाचे समाधान झाले नाही. ती फुलपाखरे मेलेली होती. ती कोठून आली, त्यांचे सुरवंट कसे होते, ते कोणत्या झाडाचा पाला खात होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. आरंभ आणि मधला प्रवास हरवलेला होता. उरला होता तो फक्त शेवट. ही उत्तरे कपाटात मिळणार नाहीत, ती शोधायला त्या जीवांच्या देशातच गेले पाहिजे, असे मारियाबाईंनी ठरवले.

तो देश म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील सुरिनाम. तेथे १६६७ पासून डचांची वसाहत होती. प्रवास महासागरावरचा, तोही शिडाच्या जहाजातून. वादळे, रोगराई आणि समुद्री चाचे यांची सतत भीती. त्या काळी अशा मोहिमांवर राजे किंवा व्यापारी कंपन्या पुरुषांना पाठवीत व खर्चही करीत. मारियाबाईंच्या पाठीशी असे कोणी नव्हते. त्यांनी आपली २५५ चित्रे विकायला काढली. परत येऊ की नाही याचा भरवसा नसल्याने त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले. १६९९ च्या जुलै महिन्यात त्या जहाजावर चढल्या. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. सोबतीला होती एकवीस वर्षांची डोरोथेआ.

सुरिनाममध्ये त्यांनी पारामारिबो या गावी मुक्काम केला. घराभोवतीच्या बागेत आणि जवळच्या अरण्यात मायलेकी काम करू लागल्या. हवा अतिशय उष्ण आणि दमट होती. झाडे उंच आणि काटेरी झुडपे दाट होती. कुऱ्हाडीने झाडोरा तोडून वाट काढावी लागे. सापडलेले सुरवंट घरी आणून पेट्यांत ठेवायचे, त्यांना नेमका तोच पाला पुरवायचा, त्यांचे रूप बदलले की ताबडतोब चित्र काढायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. नदीतून प्रवास करून त्या आतल्या भागातील मळ्यांपर्यंतही गेल्या.

तेथील डच मळेवाल्यांना या बाईचे हसू येई. त्यांचे सारे लक्ष उसावर आणि साखरेवर होते. साखर सोडून किड्यांच्या मागे धावणारी ही स्त्री त्यांना वेडी वाटे. इतकी सुपीक जमीन असताना हे लोक उसाखेरीज दुसरे काही लावायचा विचारही करत नाहीत, याची मारियाबाईंना खंत वाटे. ती त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदवली.

त्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे गुलाम म्हणून राबत होती. मूळच्या रहिवाशांनाही गुलाम केले जात होते. त्यांना मिळणारी क्रूर वागणूक मारियाबाईंनी डोळ्यांनी पाहिली. गुलाम स्त्रियांना आपले जिणे किती असह्य वाटते, हे त्यांनी आपल्या पुस्तकात एका फुलझाडाच्या वर्णनाच्या निमित्ताने लिहिले. त्या काळच्या पुस्तकांत असा उल्लेख विरळाच. मात्र एक गोष्ट आपण विसरता कामा नये. मारियाबाईंसाठी अरण्यात वाट तोडणारे, अळ्या आणि झाडे शोधून आणणारे लोकही गुलामच होते. कोणत्या झाडाचे मूळ कशावर औषध आहे, कोणते फळ कसे खातात, हे ज्ञान त्यांना त्या लोकांकडूनच मिळाले. परतताना त्यांच्याबरोबर एक स्थानिक स्त्रीही अॅमस्टरडॅमला आली. या मदतनिसांची नावे मात्र पुस्तकात आली नाहीत. मारियाबाईंच्या थोर कार्यात या अनाम माणसांचा वाटा मोठा आहे.

सुरिनामची हवा मारियाबाईंना मानवली नाही. त्या तापाने आजारी पडल्या. तो बहुधा हिवताप असावा. नाइलाजाने १७०१ च्या जून महिन्यात त्या परत निघाल्या. सुमारे दोन वर्षांच्या मुक्कामात जमवलेला मोठा ठेवा त्यांच्याबरोबर होता. सुकवलेली फुलपाखरे, मद्यार्कात बुडवून ठेवलेले साप व सरडे आणि सर्वांत मोलाची म्हणजे चित्रे व टिपणे.

सप्टेंबरमध्ये त्या अॅमस्टरडॅमला पोचल्या आणि नव्या पुस्तकाच्या तयारीला लागल्या. हाताशी पैसा कमी होता. त्यांनी जवळचे नमुने विकले. पुस्तक छापण्याआधीच ग्राहक मिळवले. तांब्याच्या पत्र्यांवर चित्रे कोरण्यासाठी कसबी कारागीर नेमले. वनस्पतींच्या नावांसाठी कास्पार कोमेलिन या वनस्पतिशास्त्रज्ञाची मदत घेतली. अखेर १७०५ मध्ये ते भव्य पुस्तक डच आणि लॅटिन या दोन भाषांत प्रसिद्ध झाले. सुरिनाममधील कीटकांच्या रूपांतराची साठ मोठी चित्रे त्यात होती.

या पुस्तकाचे पहिलेच चित्र अननसाचे आहे. पुढच्या पानांवर पपई, पेरू आणि काजू भेटतात. ही नावे वाचून तुम्हांला वाटेल, की ही तर आपलीच फळे! वास्तविक ही सारी झाडे मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि कोकण-गोव्याच्या मातीत रुजली. आपल्या बागांत तांबडा-पिवळा तुरा मिरवणारा शंकासुरही मारियाबाईंनी सुरिनाममध्ये रंगवला आहे. गुलाम स्त्रियांच्या दुःखाची हकिगत त्यांनी लिहिली, ती याच फुलझाडाच्या चित्राशेजारी. याखेरीज, पाठीवरच्या खळग्यांत पिले वाढवणारा एक विलक्षण बेडूकही या पुस्तकात आहे.

एका चित्राने मात्र पुढे मोठा वाद उभा राहिला. पेरूच्या फांदीवर एक मोठा केसाळ कोळी चिमुकल्या गुणगुण्या पक्ष्याला खात आहे, असे ते चित्र होते. मुंग्या एकमेकींना धरून आपल्या शरीरांचाच पूल बांधतात, असेही त्यांनी लिहिले होते. एकोणिसाव्या शतकातील काही पंडितांना हे खरे वाटेना. एका स्त्रीने ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवून या कल्पित कथा रचल्या, अशी टीका त्यांनी केली. मारियाबाई तोवर हयात नव्हत्या. उत्तर कोण देणार? उत्तर निसर्गानेच दिले. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात अकरा वर्षे घालवली. मोठ्या कोळ्याने लहान पक्षी पकडलेले त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि १८६३ साली आपल्या पुस्तकात तसे लिहिले. फौजेसारख्या चालणाऱ्या काही मुंग्या खरोखरच अंगांचे पूल करतात, हेही पुढे सिद्ध झाले.

मारियाबाईंच्या हातून चुका झाल्याच नाहीत, असे नाही. डोक्यावर मोठा फुगा असलेला एक किडा रात्री दिव्यासारखा उजळतो, असे त्यांनी लिहिले. नंतरच्या अभ्यासकांना तसा उजेड आढळला नाही. परंतु काही चुकांमुळे त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. वनस्पती व प्राणी यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणारे स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी अनेक जातींची नोंद करताना मारियाबाईंच्या चित्रांचा आधार घेतला.

उतारवयात मारियाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. तरीही सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग काढण्याची त्यांची इच्छा होती. ती पूर्ण होण्याआधीच १३ जानेवारी १७१७ रोजी अॅमस्टरडॅम येथे, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डोरोथेआने तो भाग प्रसिद्ध करून आईची इच्छा पुरी केली. दोन्ही मुलींनी आईचीच कला पुढे चालवली. थोरली योहाना १७११ मध्ये सुरिनामला गेली होती. धाकटी डोरोथेआ रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे गेली आणि तेथील विज्ञान अकादमीसाठी चित्रे काढू लागली.

मारियाबाईंच्या मृत्यूच्या सुमारासच रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याच्यासाठी त्यांची बरीच चित्रे विकत घेतली गेली. तेराव्या वर्षापासूनच्या निरीक्षणांची त्यांची वहीही पुढे सेंट पीटर्सबर्गला पोचली आणि आजही तेथे जपून ठेवलेली आहे. त्यांची इतर चित्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत. २०१६ साली लंडनला बकिंगहॅम राजवाड्याच्या कलादालनात त्यांच्या फुलपाखरांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. २०१७ साली त्यांच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली. तेव्हा बर्लिनमध्ये आणि त्यांच्या जन्मगावी, फ्रँकफुर्टला, संग्रहालयांनी त्यांच्या फुलांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन मांडून त्यांना आदरांजली वाहिली. जर्मनीने १९९० नंतरच्या दशकात आपल्या पाचशे मार्कांच्या नोटेवर मारियाबाईंचे चित्र छापले होते. युरो हे नाणे आल्यावर ती नोट चलनातून गेली. पण समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका जर्मन जहाजाला त्यांचे नाव दिलेले आहे. सापासुरवंटांसाठी समुद्र ओलांडणाऱ्या स्त्रीचे नाव जहाजाला शोभतेच.

संग्रहालयाच्या कपाटातील मेलेल्या फुलपाखरांनी एकेकाळी मारियाबाईंना बेचैन केले होते. त्यांचा हरवलेला जन्म शोधायला त्या निघाल्या. आज त्याच संग्रहालयांच्या भिंतींवर त्यांची चित्रे टांगलेली दिसतात. तीनशे वर्षे उलटली तरी त्या चित्रांतले सुरवंट पाने कुरतडत आहेत, कोश उकलत आहेत, फुलपाखरे पंख पसरत आहेत. पाहणारे लोक काचेपाशी वाकतात आणि लहान मुलासारखे टक लावून बघत राहतात.

फ्रँकफुर्टच्या त्या मुलीजवळ दुर्बिणी नव्हत्या, प्रयोगशाळा नव्हती, मोठी पदवी नव्हती. होती फक्त एक लाकडी पेटी, मूठभर पाला, कुंचला आणि वाट पाहण्याची तयारी. यांपैकी कितीतरी गोष्टी तुमच्याजवळही आहेत. पुढच्या पावसाळ्यात लिंबाच्या पानावर सुरवंट दिसला, तर त्याला झटकून टाकू नका. थोडे थांबा आणि पाहा.

शब्दार्थ

नामवंत – प्रसिद्ध. कुंचला – रंग देण्याचा ब्रश. बारकावे – बारीक बारीक गोष्टी. चर्मपत्र – लिहिण्यासाठी किंवा रंगवण्यासाठी तयार केलेले पातळ कातडे. सधन – श्रीमंत. विभक्त होणे – वेगळे होणे. मृत्युपत्र – आपल्यानंतर मालमत्ता कोणाला द्यावी हे लिहून ठेवलेला कागद. झाडोरा – दाट झाडेझुडपे. खंत – मनाला लागलेले दुःख. हिवताप – थंडी वाजून येणारा ताप, मलेरिया. ऐकीव – दुसऱ्याकडून ऐकलेले. हयात – जिवंत. आदरांजली – आदराने केलेले स्मरण.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारियाचा जन्म कोठे झाला?
(आ) मारियाने तेराव्या वर्षी कोणते किडे पाळले?
(इ) सुरिनामच्या प्रवासात मारियाबाईंच्या सोबत कोण होते?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मारियाबाईंच्या सुरवंटांवरील पुस्तकाचे वेगळेपण कोणते?
(आ) अॅमस्टरडॅममधील संग्रह पाहून त्यांचे समाधान का झाले नाही?
(इ) कोळ्याच्या चित्रावर कोणती टीका झाली? ती कशी खोटी ठरली?

प्रश्न ३. मारियाबाईंच्या कामात गुलाम व स्थानिक लोकांचा वाटा कोणता होता, ते तुमच्या शब्दांत लिहा.

प्रश्न ४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
हातभार लावणे, थक्क होणे, टक लावून बघणे.

उपक्रम – घराजवळच्या किंवा शाळेजवळच्या झाडावरील एका सुरवंटाचे आठ दिवस निरीक्षण करा. रोज दोन ओळी मराठीत लिहा आणि शेजारी त्याचे चित्र काढा.